पांढऱ्या दाढीचा व्हिलन

माझी आत्या माणसं मारायची. दिवसाला तीन शो, एका शोला चाळीस-पन्नास मुडदे, सगळे तोंडाने.

बर्फाच्या कारखान्यासमोर एक जुनं गोदाम होतं, तिथे व्हिडिओवाला कुंग फूचे पिक्चर लावायचा. पत्र्याचं छप्पर, बिनपाठीची बाकं, पुढे टेबलावर टीव्ही. पिक्चर त्यांच्याच भाषेत यायचे, खाली अक्षरं नाहीत, काही नाही. कोण कोणाचा बाप आणि कोण कोणाला का हाणतोय ते कळायला मार्ग नाही. म्हणून टीव्हीच्या शेजारी स्टुलावर माझी आत्या बसायची, हातात माईक. टीव्हीचा आवाज बारीक करून ती सगळं स्वतः बोलायची. हिरो तीच, व्हिलन तीच, रडणारी आई तीच. घोडा ओठांनी करायची. तिलाही ती भाषा येत नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. लोक तिला माईकबाई म्हणायचे. भाजी घ्यायला गेली की भाजीवाला म्हणायचा, आधी त्या राक्षसाच्या आवाजात भाव करा, मग देतो.

आणि एक माज होता तिला. नवीन कॅसेट आली की पहिला शो ती न बघताच बोलायची. म्हणायची, हिरोला तरी कुठे माहीत असतं पुढे काय होणार ते.

आता माझ्या बाबांचं. बाबा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, समोरच्याच कारखान्यात कामाला. तिथे एक मोठा हौद असतो, त्यात मिठाचं पाणी. मिठामुळे ते गोठत नाही, पण बर्फापेक्षाही गार असतं. त्यात पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडायचे, डब्यातल्या पाण्याची लादी झाली की साखळीने डबा वर ओढायचा. ती साखळी झिजली होती. बाबांनी ठेकेदाराला तीनदा सांगितलं, बदला म्हणून. चौथ्यांदा सांगायच्या आत साखळी तुटलीच, लादी खाली पडून फुटली, आणि बाबा सगळ्यांसमोर बोलले, मी सांगितलं होतं.

ठेकेदार कधी आवाज चढवायचा नाही. तो हसला आणि म्हणाला, "बाळा, इकडे ये. काही दुखणार नाही."

दोघांनी बाबांना धरलं आणि ठेकेदाराने त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत त्या हौदात बुडवून ठेवला. किती वेळ, तर सहा डबे वर निघेपर्यंत. म्हणजे बाकीच्यांनी काम चालू ठेवलं, कळतंय का? तीस माणसं होती. एक डबा ओढला, लादी काढली, दुसरा ओढला. बाबा आधी ओरडले, मग नुसते थरथरत राहिले, मग म्हणे हसल्यासारखं काहीतरी करत होते. हात बाहेर काढला तेव्हा मेणाचा वाटत होता. आठ-दहा दिवसांत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं. डॉक्टरने दोन्ही कापली.

दीड महिन्याने बाबा परत त्याच हौदावर कामाला गेले. ठेकेदार रोज विचारायचा, काय बाळा, बरं आहे ना? आणि ते तीस जण खाली मान घालून लाद्या ओढायचे.

आत्याला ठेकेदाराचा राग होताच. पण तिचं खरं डोकं फिरलं होतं त्या तिसांवर. ती म्हणायची, मारणारा एक होता, त्याला काय, तो हरामखोरच. पण तिसातल्या एकाने, फक्त एकाने तोंड उघडायला काय झालं होतं? पोलिसात कुणी गेलं नाही. बाबासुद्धा नाही. आत्या जायला निघाली तर बाबा दारात आडवे बसले. म्हणाले, साक्ष कोण देणार आहे, भिंत?

आणि मग ती कॅसेट आली.

नेहमीप्रमाणे आत्या न बघता बसली. गाव जळतंय, राजाचे शिपाई घरात घुसून माणसं कापतायत, एका तरुणाच्या बापाचं मुंडकं बांबूवर. तो तरुण पळतो, डोंगरावर एका पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याकडे पोचतो. म्हातारा त्याच्याकडे बघून हसतो. कढईत वाळू तापतेय. म्हातारा त्याचं मनगट धरतो आणि हात त्या वाळूत खुपसतो.

आत्याने माईक तोंडाला लावला. ती सांगते की तिने ठरवून काही केलं नाही, तोंडातून आपोआप निघालं, एकदम मऊ आवाजात, "बाळा, इकडे ये. काही दुखणार नाही."

दुपारचा शो, अर्धी बाकं कारखान्याच्या माणसांची. ती माणसं ठेकेदाराचा तो आवाज रोज ऐकत होती. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि मग मध्येच थांबलं.

झालं, म्हातारा व्हिलन ठरला. आत्याने त्याला ठेकेदाराची चाल दिली, ठेकेदाराचा खोकला दिला. म्हातारा हिरोला काठीने बडवतोय, पाठीवर दगड ठेवून पायऱ्या चढवतोय, आणि आत्या म्हणतेय, बरं आहे ना बाळा? बाकांवरून शिव्या सुरू झाल्या. एकाने टीव्हीला चप्पल मारली.

अर्ध्या पिक्चरनंतर हिरव्या झग्यातला सेनापती आला आणि त्याने म्हाताऱ्याच्या छातीत अकरा भाले घातले. आणि हिरो धावत आला, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडायला लागला.

आत्याला तिथेच कळलं. अरे देवा, हा तर गुरू आहे. वाळू, दगड, काठी, सगळी तालीम होती, हात लोखंडाचा करायची. शहाण्या माणसाने काय केलं असतं, सांभाळून घेतलं असतं. आत्याने हॉलकडे पाहिलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या तीस माणसांची मान वर झालेली बघितली. मग तिने हिरोच्या आवाजात हंबरडा फोडला, की थेरड्या, तुला मी मारणार होतो रे, तू दुसऱ्याच्या हातून मेलास, आता मी कुणाला मारू!

लोक रडले. खरंच रडले. आणि नंतर हिरोने त्या लोखंडी हाताने सेनापतीची छाती फोडली तेव्हा बाकं मोडायची वेळ आली.

त्या दिवसापासून ती चुकली असं म्हणता येणार नाही. पहिला शो ही चूक होती, पुढचे सगळे तिने जाणूनबुजून केले. आठ दिवस एकच पिक्चर, तीनही शो फुल. लोक तिच्या आधीच ओरडायला लागले, बाळा इकडे ये. व्हिडिओवाला खूश, दुसरी कॅसेट लावायचं नावच काढेना.

बाबा एकदाही गेले नाहीत, पण त्यांच्या कानावर आलंच. जेवताना म्हणाले, तुझा तो पिक्चर बंद कर. आत्या म्हणाली, का, फाटली का तुझी? बाबा डाव्या हाताने घास उचलत होते तेव्हा, त्या हाताला अजून जमत नव्हतं, भात सांडत होता. म्हणाले, "टाळ्या वाजवतात म्हणून ती माणसं तुझी झाली नाहीत, ताई."

आत्याने ऐकलं नाही. का ऐकेल? तिला जे पाहिजे होतं ते समोर दिसत होतं.

नवव्या दिवशी दुपारचा शो सुटला आणि दोनच्या पाळीची माणसं हॉलमधून सरळ कारखान्यात गेली. कुणी काही ठरवलं नव्हतं. आत्या माईक तसाच टाकून मागे गेली.

ठेकेदार हौदाच्या कडेला खुर्ची टाकून संत्रं सोलत होता. मागून कुणीतरी म्हणालं, बाळा, इकडे ये. ठेकेदार हसला. त्याला वाटलं असेल, मस्करी. मग दुसरा म्हणाला, मग पाच-सहा जण एकदम, हुबेहूब आत्याच्या लकबीत, आणि ठेकेदाराच्या हातातलं संत्रं खाली पडलं.

त्याने उठून पहिल्याच्या पोटात लाथ घातली. दुसऱ्याच्या मनगटाला कडकडून चावला, मांस लोंबायला लागलं. पण तीस जणांपुढे एकटा किती पुरणार. त्याला पालथा पाडला, तोंड फरशीवर आपटलं, नाक फुटलं. दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात. आणि मग मोजायला सुरुवात. एकाने खरोखर साखळी ओढली, डबा वर आला. एक. सगळे ओरडले, एक. फरशीवर पडलेल्या बर्फाच्या चुऱ्यावर रक्त, सगळा चुरा लाल. दोन. ठेकेदार आईला हाक मारत होता. आत्या दारात उभी होती, आणि ती मला खोटं सांगत नाही, तिला मजा येत होती. तिचे ओठ हलत होते. तीन.

चौथ्या डब्याला कुणीतरी त्याचं डोकं पण आत दाबलं.

बाबा वरच्या फळीवर होते, साखळीपाशी. ते उडी मारून खाली आले, गर्दीत घुसले, तीन बोटांच्या हाताने ठेकेदाराची कॉलर धरली आणि त्याला वर खेचलं. म्हणाले, मरेल तो, सोडा. कुणी सोडेना. आणि मागून कुणीतरी, कुणी ते आजपर्यंत कळलं नाही, लादी ओढायच्या आकड्याचा लाकडी दांडा बाबांच्या डोक्यात घातला.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्याच्याच डोक्यात.

बाबा गुडघ्यावर बसले, कानामागून रक्ताची धार. आत्याला फक्त ती धार दिसली. ती पुढे धावली आणि खाली पडलेला आकडा उचलला. ठेकेदार एव्हाना सुटून रांगत दाराकडे, म्हणजे तिच्याच दिशेने येत होता, निळे हात, तोंडातून फेस. त्याने मान वर केली, आणि आत्याने आकडा फिरवला. जबडा तुटल्याचा आवाज लादी तडकल्यासारखा आला, असं ती म्हणते. दुसऱ्या फटक्यात डोळा गेला. तिसरा मारणार होती, पण बाबांनी तिचे पाय धरले.

माणसं कधी पांगली तेही कळलं नाही. पोलीस आले तेव्हा प्रत्येक जण आपापल्या जागी लाद्या ओढत होता.

इन्स्पेक्टरने एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. तीस जणांनी तीस वेळा तेच सांगितलं, मी तिकडे होतो साहेब, मला दिसलं नाही. आत्या कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती, हातात आकडा नव्हता, कुणीतरी धुऊन परत खुंटीला लावला होता. म्हणजे ती सुटली होती, समजलं का? पुरावा नाही, साक्षीदार नाही. ठेकेदाराचा जबडाच जागेवर नव्हता, तो काय बोलणार.

शेवटी डोक्याला फडकं बांधलेल्या बाबांना विचारलं. बाबांनी पहिल्यापासून सांगितलं. साखळी, हौद, सहा डबे, कुणी कुणी धरलं होतं, कापलेली बोटं टेबलावर ठेवल्यासारखा हात पुढे करून सगळं सांगितलं. मग आज काय झालं ते. मग म्हणाले, "डोळा माझ्या बहिणीने फोडला. मी पाहिलं."

आत्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. ठेकेदारावरही केस झाली, त्याला तिच्यापेक्षा जास्त झाली, कारण बाबांनी तिथेही तोंड उघडलं. बाबा दर पंधरा दिवसांनी आत्याला भेटायला जायचे आणि ती जाळीपलीकडे पाठ करून बसायची. दोन वर्षं एक अक्षर बोलली नाही.

सुटून घरी आली त्या दिवशी पहिलं वाक्य बोलली. म्हणाली, तीस जणांत एकाने तोंड उघडावं म्हणून मी जीव टाकला, आणि उघडणारा निघाला तो माझाच भाऊ, माझ्याच विरुद्ध. बाबा म्हणाले, मी एकदा भिंत झालो होतो ताई, मला परत व्हायचं नव्हतं.

त्यावर आत्याने बाबांच्या अशी कानाखाली वाजवली की आई स्वयंपाकघरातून पळत आली. मी तेव्हा आईच्या पोटात होतो. मग आत्याने हात धुतले आणि ताटं घेतली.