भरलेली गाडी थांबवली

मित्रांनो, आमची कंपनी सैन्यासाठी पॅराशूट बनवते. आज लोणावळ्यात आमचं नेतृत्व प्रशिक्षण होतं. त्यातूनच नवा प्लांट हेड निवडायचा होता, यादीत माझंही नाव होतं.

चहाच्या सुट्टीत, मी जिथे मालाची तपासणी बघते त्या आंबीच्या प्लांटमधून सुपरवायझर तानाजीभाऊंचा फोन आला. "मॅडम, एक पट्टा टेस्टमध्ये तुटला. गाडी भरलीय, सोडू का?"

शेजारी उभे असलेले डायरेक्टर हळूच म्हणाले, "एकच तर तुटलाय. माल आजच जायला हवा."

माझा भाचा पॅराट्रूपर आहे. मी म्हणाले, "भाऊ, माल उतरवा. सगळे पट्टे पुन्हा तपासू."

"व्हय मॅडम. मला बी तेच वाटत व्हतं."

संध्याकाळी कळलं, निवडीतून माझं नाव वगळलंय. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू?

तुमच्यापैकी कुणी साहेबांना असं तोंडावर 'नाही' म्हटलंय का? दुसऱ्या दिवशी ऑफिसात कसे गेलात?