सूझीमावशीचे तीन ठोके

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मोठ्या बंदुकांचा मोसम संपला, शहरातले शिकारी नारिंगी जाकिटं अंगावरून उतरवून आपापल्या गाड्यांत बसून गेले, की हेमलॉक रनच्या खोऱ्यात एक निराळीच शांतता उतरते. बर्फ पडत असतं, पण त्यालाही कुठे पोचायची घाई नसते. त्यानंतर नाताळपर्यंत डोंगर आमचे. आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो तो म्हाताऱ्या बंदुकांचा मोसम. सरकारचा नियमच तसा आहे. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, गारगोटीच्या ठिणगीने उडवायची, तीच बंदूक घेऊन यायचं. बाकीच्या घरी ठेवायच्या.

या शांततेच्या पहिल्या सोमवारी ऑर्विल श्रेकनगॉस्ट स्वयंपाकघरात स्टुलावर चढायचा आणि चुलीवरच्या खुंट्यांवरून सूझीमावशीला खाली घ्यायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्टूल लटपटतंय, आणि त्याची बायको मर्टल एका हाताने स्टूल आणि दुसऱ्या हाताने कुट्टूच्या पिठाचे घावन सांभाळतेय, हे दृश्य त्या घरात दरवर्षी ठरलेलं.

सूझीमावशी म्हणजे ऑर्विलच्या पणजोबांनी करवून घेतलेली ठासणीची बंदूक. माणसाच्या खांद्याएवढी उंच, मेपलच्या लाकडाचा दस्ता, त्यावर वाघाच्या अंगासारखे पट्टे. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच ठाऊक नाही. पण पणजोबांची एक मावशी होती, ती जेवायच्या टेबलावर अर्धा अर्धा तास गप्प बसे आणि एकदा बोलली की खिडकीच्या काचा हलत, असं घरात सांगत आले आहेत.

या बंदुकीबाबत घराण्यात एक रीत होती. ती कुणाच्या नावावर लिहून दिलेली नव्हती. नाताळच्या आधीच्या शनिवारी क्लेटसच्या लाकूडगिरणीमागे सगळे आपापल्या बंदुका घेऊन जमत. तिथे फळीवर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. सूझीमावशीला ठोके तीन, म्हणजे तीनदा चाप ओढायची मुभा. तीन ठोक्यांत ती बोलली, म्हणजे उडाली, तर बंदूक धरणाऱ्याकडेच राहायची. नाही बोलली तर घराण्यातल्या पुढच्या माणसाकडे जायची, कुरकुर न करता. ऑर्विलच्या बापाचे हात थरथरायला लागले त्या वर्षी तिन्ही ठोके फुकट गेले, आणि बापाने तिथेच, बर्फात उभ्या उभ्या, बंदूक एकोणीस वर्षांच्या ऑर्विलच्या हातात दिली. म्हातारा घरी येऊन अख्खा ॲपल पाय एकटा खाऊन झोपला म्हणतात.

गेल्या वर्षी ऑर्विलची सूझीमावशी तिसऱ्या ठोक्याला बोलली होती. त्याच्या आदल्या वर्षीही तिसऱ्याच. आणि घराण्यातलं पुढचं माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण आयडेला, अडुसष्ट वर्षांची, दोन नवऱ्यांना पोचवून अजून ताठ चालणारी. ती गेल्या वर्षी गिरणीमागून जाताना एवढंच म्हणाली होती, की ऑर्वी, मी खुंट्या ठोकून ठेवल्यात.

हे वाक्य वर्षभर ऑर्विलच्या कानात बसलं होतं. बंदूक गेली तर आपलं काय उरेल, असा विचार तो करायचा आणि मग पुढे विचार करायचाच नाही.

म्हणून यंदा त्याने तयारीला काही कमी ठेवलं नाही. आधी त्याने नळीत ठासायचा गज सोडला. कुठलीही जुनी बंदूक हातात घेतली की पहिलं काम हेच, ती भरलेली नाही ना हे बघायचं. सूझीमावशीच्या हिकरीच्या लाकडाच्या गजावर एक खाच आहे. दारू आणि गोळी बरोबर बसली की ती खाच नळीच्या तोंडाशी येते. नळी रिकामी असली की खाच आत बुडते. खाच बुडाली, गज टण्णकन तळाला लागला, आणि ऑर्विलच्या मनात दरवर्षीप्रमाणे आजोबा जेरेमायास उभे राहिले.

आजोबांची गोष्ट अशी, की एकदा समोर एवढं मोठं नर हरण आलं, की आजोबा गज नळीतून काढायलाच विसरले. चाप ओढला. गज बाणासारखा सुटला आणि जंगलात गडप झाला. हरण पळालंसुद्धा नाही. उभं राहून त्यांच्याकडे बघत राहिलं, जणू विचारत होतं, आता काय फेकणार. आजोबांनी नवा गज तासला, पण जुना शोधायला ते पुढची कित्येक वर्षं त्या उतारावर जात. सोळा वर्षांनी क्लेटसच्या बापाच्या गिरणीत एक हेमलॉकचं खोड चिरताना करवतीचा दात तुटला. खोडात गजाचं पितळी टोक होतं. झाडाने ते गिळून वर वाढीची सोळा कडी चढवली होती.

असा विचार करता करता पाणी उकळायचं. ऑर्विल नळी दस्त्यापासून सुटी करी, तिचं बूड बादलीत धरी आणि कापडाच्या बोळ्याने गरम साबणाचं पाणी वर ओढी, खाली ढकली. नळी श्वास घेतल्यासारखा आवाज करायची. आधी काळं पाणी, मग करडं, मग स्वच्छ. मग कोरडी करून तेलाचा हात. मर्टल म्हणाली, लग्नाला बावन्न वर्षं झाली, माझी पाठ इतक्या प्रेमाने कधी चोळली नाहीस. ऑर्विल म्हणाला, तुला कधी गंज चढला नाही.

मंगळवारी त्याने शिसं वितळवलं आणि साच्यात गोळ्या ओतल्या. थंड होऊन टेबलावर पडल्या की त्या चंद्राच्या पिल्लांसारख्या दिसायच्या. बुधवारी मधमाश्यांचं मेण आणि हरणाची चरबी एकत्र वितळवून, गादीच्या खोळीच्या जाड कापडाचे गोल तुकडे त्यात भिजवले. गोळी या तुकड्यात गुंडाळूनच नळीत उतरते. घरभर असा वास पसरला, की चर्चमधल्या मेणबत्त्या आणि रविवारचं मटण एकाच खोलीत आल्यासारखं वाटावं. गुरुवारी गारगोटीला नवी धार काढली. बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे खटक्याच्या, जबड्यात कातड्याच्या तुकड्यात ती घट्ट आवळली आणि चकमकीच्या पोलादावर आपटून पाहिली. ठिणग्या पडल्या, पण थोड्या आणि तांबूस, झोपेत असल्यासारख्या.

इथे खरं दुखणं सापडलं. इतक्या पिढ्यांच्या आपटण्याने पोलाद वरून मऊ झालं होतं. दोन वर्षं तिसऱ्या ठोक्यावर बात जात होती ती यामुळे. ऑर्विलने ते पोलाद काढलं, हाडांच्या कोळशाच्या भुकटीसह लोखंडी डबीत कोंबलं, डबीचं तोंड मातीने लिंपलं आणि दुपारभर परसातल्या भट्टीत लाल ठेवलं. मग एका झटक्यात पावसाच्या पाण्यात ओतलं, म्हणजे ते पुन्हा कडक झालं. शुक्रवारी सकाळी बसवून पुन्हा घोडा सोडला. पांढऱ्या ठिणग्यांचा असा वर्षाव झाला, की मर्टलने दुधाचं भांडं बाजूला ओढलं.

त्या सकाळी ऑर्विल बंदूक मांडीवर घेऊन खिडकीशी बसला आणि बसूनच राहिला. बाहेर बर्फ, आत मेणाचा वास. त्याला उतारावरची पायवाट दिसत होती, लॉरेलच्या झुडपांखालून जाणारी, आणि तिच्यावरून चाललेले आजोबा, बाप, तो स्वतः, सगळे एकाच वयाचे, एकापाठोपाठ, कुणी कुणाशी बोलत नाही. पुढे एक हरण चाललंय, त्यालाही घाई नाही. मर्टलने दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा तिने थाळी त्याच्या मांडीवर, बंदुकीवरच ठेवली.

शनिवारी गिरणीमागे पंधरावीस माणसं जमली होती. क्लेटसने लाकडाच्या भुशाची शेकोटी केली होती आणि चर्चच्या बायकांनी कोंबडी आणि मक्याचं सूप आणलं होतं. आयडेला नव्या बुटांत आली होती. तिने ऑर्विलच्या गालाला गाल लावला आणि सूझीमावशीकडे बघत, प्रकृती कशी आहे, असं विचारलं. तुझी की हिची, असं ऑर्विलने विचारल्यावर म्हणाली, तुझी तर दिसतेच आहे.

सूझीमावशीची पाळी आली तेव्हा ऊन पडलं होतं. ऑर्विलने नळीच्या बुडाच्या बारीक भोकात, ज्याला आम्ही बंदुकीचा कान म्हणतो, टर्कीचं पीस खोचलं, म्हणजे भरताना कान तुंबत नाही. मग त्याने वर पाहिलं. गिरणीच्या छपरावरून बर्फाची एक पातळ धूळ उडाली आणि उन्हात हळूहळू खाली येऊ लागली. त्याला वाटलं, हे आपण आधी पाहिलंय. बापाने बंदूक हातात दिली त्या दिवशीही असंच उडालं होतं. ती धूळ जमिनीला टेकेपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने कापडाचा तुकडा नळीच्या तोंडावर ठेवला, त्यावर गोळी, गज घेतला, दमाने ठासला. पीस काढलं, कानाबाहेरच्या वाटीत छोट्या कुपीतून चिमूटभर बारीक दारू घातली, बंदूक खांद्याला लावली.

पहिला ठोका. पांढऱ्या ठिणग्या, वाटीत भक्कन जाळ, धुराचा एक झुपका. फळीकडे काहीच गेलं नाही. सूझीमावशी गप्प. रीतीप्रमाणे तो तशीच रोखून थांबला, न जाणो उशिरा उडाली तर. नाही उडाली. त्याने कानात तार फिरवून तो साफ केला, पुन्हा वाटी भरली. दुसरा ठोका. पुन्हा जाळ, पुन्हा झुपका, पुन्हा गप्प.

क्लेटसने सुपाचा वाडगा खाली ठेवला. ऑर्विलला काही कळेना. पोलाद नवं, गारगोटी नवी, नळी आरशासारखी. एक ठोका उरला होता आणि चूक कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं.

आयडेला शेकोटीपाशी उभी होती. तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग चालत त्याच्याजवळ आली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "ऑर्वी, दारू घातलीस का?"

ऑर्विलने तिच्याकडे पाहिलं. मग नळीत घालायच्या दारूच्या शिंगाकडे. शिंग सकाळी भरलं होतं तसंच काठोकाठ, बूच घट्ट. त्याने गोळी कोरड्या नळीत ठासली होती. ठासणीवाल्यांत ही चूक सगळ्यांच्या हातून कधीतरी होते आणि प्रत्येक जण म्हणतो माझ्या हातून कधीच नाही.

"खाच," आयडेला म्हणाली. "बोटभर आत गेली होती. मला इथून दिसली."

"कधी?"

"पहिल्या ठोक्याच्या आधीच."

"आणि तू गप्प राहिलीस?"

"दोन ठोके राहिले गप्प. तिसऱ्याला नाही जमलं." तिने नाक पुसलं. "आता माझ्याकडे बघत बसू नकोस. कानातून घाल थोडी."

अशा वेळी करायचा इलाज तो हाच. ऑर्विलने बारीक दारूचे दाणे कानाच्या भोकाशी धरले आणि पिसाच्या टोकाने एकेक दाणा आत ढकलू लागला. पाच मिनिटं गेली असतील. पंधरावीस माणसं बर्फात उभी राहून एका म्हाताऱ्याला बंदुकीच्या कानात गुदगुल्या करताना बघत होती. मग वाटी भरली, नेम धरला. तिसरा ठोका.

सूझीमावशी बोलली, पण धड नाही. भप्प असा आवाज झाला, बाटलीचं बूच उडावं तसा. गोळी नळीतून बाहेर पडली, सगळ्यांना दिसेल इतक्या सावकाश उडत गेली आणि फळीच्या अर्ध्यावर बर्फात एक भोक पाडून बसली.

मग वाद. कुणी म्हणालं हे बोलणं नव्हे, ही ढेकर. कुणी म्हणालं रीतीत आवाज किती मोठा हवा ते कुठे लिहिलंय. शेवटी क्लेटसने आयडेलाला विचारलं, कारण हरकत घेण्याचा हक्क तिचा होता.

"बोलली," आयडेला म्हणाली. "मी ऐकलं. ज्याला ऐकू आलं नसेल त्याने कान तपासून घ्यावेत."

म्हणजे बंदूक ऑर्विलचीच राहिली. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो मात्र तिथेच उभा. हातातली नळी थोडीशीच कोमट झाली होती. आतल्या आत त्याने हिशेब पाहिला. बंदुकीत काही कमी नव्हतं. बंदूक काही विसरली नव्हती. विसरला तो. आणि उतारावर, लॉरेलच्या झुडपात, जो माणूस बर्फाची धूळ बघता बघता हातातलं काम विसरतो, त्याच्या हाती भरलेली बंदूक चांगली नाही, समोर माणूस असो की हरण. गेल्या पंचावन्न मोसमांत त्याने मारलेली हरणं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. बाकीच्या दिवसांत तो काय करत होता, तर बसून बघत होता. हे त्याला आज पहिल्यांदा कळलं, आणि आश्चर्य म्हणजे फारसं दुखलं नाही. थोडं दुखलं.

त्याने बंदूक आडवी करून आयडेलाच्या पुढे धरली.

ती मागे सरकली. बोलली म्हणून मी सांगितलंय, असं म्हणाली.

"ती बोलली," ऑर्विल म्हणाला, "मीच ऐकत नव्हतो. तुझं लक्ष खाचेवर होतं. धर."

आयडेलाने ती घेतली. तिचे हात थरथरत नव्हते, पण डोळे भरून आले होते आणि ते धुराने असल्याचं तिने न विचारता सांगितलं. मग तिथेच तिने दारू मोजून घातली, गोळी ठासली, खाच बघितली, आणि पहिल्याच ठोक्याला सूझीमावशी अशी गरजली, की गिरणीच्या छपरावरचं उरलेलं बर्फ एकदम खाली आलं. फळीला काही झालं नाही. गोळी हातभर उजवीकडून गेली.

घरी आल्यावर मर्टलने त्याचे रिकामे हात पाहिले आणि ॲपल पाय कापायला घेतला. त्याला एक फोड पुरली.

सोमवारी सकाळी दहाला मागच्या दारी गाडी थांबली. आयडेला, गोधडीत गुंडाळलेली बंदूक बाळासारखी कडेवर घेऊन. म्हणाली, गारगोटी जरा तिरकी वाटतेय. गारगोटी अजिबात तिरकी नव्हती. ऑर्विलने ती दोनदा सैल करून दोनदा आवळली. मंगळवारी ती पुन्हा आली. आता म्हणे नळीत ओल धरलीय. बुधवारी तर तिने कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. कोट काढून टेबलाशी बसली आणि मर्टलला विचारलं, घावन उरलेत का.

ऑर्विलने चुलीवर पाणी ठेवलं. नळी सुटी केली, बादलीत धरली आणि बोळा ओढायला लागला. आतून तो श्वासाचा आवाज येऊ लागला. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. त्याने बघितलं, आणि बघतच राहिला.

"ऑर्वी," आयडेला घावन चावता चावता म्हणाली, "हात थांबलाय तुझा."

"थांबू दे," तो म्हणाला. "भरलेली नाहीये."