अक्कांच्या लग्नाचं नाटक

नाटक बसवायला घेतलं की प्रवेश कमी आणि किस्सेच जास्त जमतात. त्यात नाटक आपल्याच गावातल्या, अजून धडधाकट असलेल्या नवरा-बायकोच्या प्रेमाचं असेल तर विचारूच नका!

आमच्या सीमाभागातल्या राजेश्वर गावचे गौतम गुरुजी बौद्ध, कमलअक्का मोठ्या शेतकरी हिंदू घरातल्या. चाळीस वर्षांपूर्वी दोघांनी लग्न केलं आणि अक्कांच्या थोरल्या भावानं, अप्पांनी, संबंध तोडले. गाव एकच, पण बोलणं नाही. मी नाटक लिहायची परवानगी मागायला गेले तेव्हा अक्कांनी एकच अट घातली, "लिही. पण अप्पा बघायला आला पायजे!"

ही अट मी कशी पाळणार होते, देव जाणे.

*

नायक म्हणून आधी गुलबर्ग्याचा एक गोरापान मुलगा आणला होता. अक्कांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"पोरगं ग्वाड हाय. पण असल्याला मी व्हय म्हणले नसते!"

गुरुजी चहाच्या कपात तोंड घालून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच वस्तीतला सावळा आनंद नायक झाला. त्याची आई प्रत्येक तालमीला पुढं बसायची आणि येईल त्याला सांगायची, "आमचा आनंद हिरो हाय!" तिचा चेहरा बघून मलाच भरून यायचं.

*

एका प्रतिष्ठित गृहस्थांनी सल्ला दिला, "नायक बौद्ध आहे हे कशाला सांगता? नुसता गरीब दाखवा."

गुरुजी एवढे कधी चिडले नव्हते. "गरीब? सरकारी मास्तर होतो मी! सायकल होती, घड्याळ होतं!"

आनंदची एन्ट्री मग सायकलवरूनच झाली. घंटी वाजवत!

*

तालमीत कुणीतरी विचारलं, "गुरुजी, घरी मराठी बोलता, मग चिठ्ठ्या कन्नडमधून कामून लिहिल्या?"

"हिच्या वडिलांना उर्दू वाचता यायची, अप्पाला मराठी. मग काय करू?"

नाटकात आम्ही चिठ्ठ्या कन्नडमध्येच ठेवल्या.

*

अप्पांची भूमिका करायला कुणी धजेना. सकाळी उठून त्यांनाच तोंड दाखवायचं होतं! शेवटी सलीम टेलर पुढं आला.

"मेरे को क्या डर? अप्पा का सदरा सिलाई को मेरेच पास है. कुच बोले तो सिलताच नै!"

*

प्रयोग रविवारी दुपारी, शाळेच्या पटांगणात. अक्का पहिल्या रांगेत बसून सारख्या मागं वळून बघत होत्या. दोन प्रवेश झाले तरी अप्पा नाहीत. तिसऱ्याला आले. काठी टेकत, सगळ्यांच्या मागं उभे राहिले.

प्रवेश नेमका तोच. लेकराला घेऊन कमल माहेरी येते, अप्पा झालेला सलीम तिच्या तोंडावर दार लावतो, आतून कडी घालतो. ती म्हणते, "अप्पा, लेकराला तरी बघ!" इथं पडदा पडायचा. दोरी माझ्या हातात होती.

तेवढ्यात मागून खरे अप्पा ओरडले, "उभा कामून राहिलास बे? काढ की कडी!"

सलीमनं माझ्याकडं बघितलं. मला दोरी ओढवेना. त्यानं कडी काढली.

पहिल्या रांगेतून अक्का उठल्या. पदर सावरत स्टेजवर चढल्या आणि त्या दारातून आत गेल्या!