गोवर सुईनं आला नव्हता

माझी लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिला गोवर-रुबेलाची पहिली लस दिली, आणि आठव्या-नवव्या दिवशी तिला सणकून ताप भरला. दुपारची वेळ होती. मी तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होते आणि बघता बघता तिचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, ओठ निळसर पडले. एखादंच मिनिट गेलं असेल, पण ते मिनिट मी अजून विसरलेले नाही. तिला घेऊन जालन्याला धावलो. तिथले बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "तापामुळं आकडी आली. काही मुलांना येते, पुढं त्याचा त्रास राहत नाही. लसीनंतर असा ताप येऊ शकतो. पण पुढचा डोस मात्र चुकवू नका." त्यांच्या बोलण्यातला अर्धाच भाग मी घरी आणला. लसीनंतर ताप येतो, एवढाच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा आम्ही टेंभुर्णीत भाड्यानं राहायचो. नवरा सकाळी जाफराबादला नोकरीवर जायचा तो संध्याकाळी यायचा. शेजारच्या घरात ब्लाउज शिवणारी एक बाई राहायची, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. केदारखेड्याच्या शेतकऱ्याची लेक. दहावी झाल्या झाल्या लग्न लावून दिलेलं, त्यामुळं शिकायचं राहून गेलं हे तिच्या मनात कायम असायचं. नवरा टेम्पो चालवायचा, घरात सासू, आणि एक तान्ही मुलगी. मी शाळेत गेले की माझी लेक दिवसभर तिच्याच घरी. शिलाई मशीनच्या बाजूला सतरंजी टाकून ती दोघींना खेळवायची, आणि माझ्या लेकीला भरवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. मला ती मॅडम म्हणायची आणि प्रत्येक गोष्ट विचारायची. बँकेचा फॉर्म कसा भरायचा, सासूच्या गुडघ्याला कुठलं मलम लावायचं, सगळं. "मॅडम म्हणल्या" असं तिनं एकदा घरात सांगितलं की विषय संपायचा. मला ते आवडायचं, हे आज कबूल करायला हवं.

लेक दीड वर्षाची झाल्यावर दुसऱ्या डोसची वेळ आली. लसीसाठी घरोघर फिरणाऱ्या आशाताई दोनदा येऊन गेल्या, मी दोन्ही वेळा टाळलं. फोनवर लोक काय काय पाठवायचे, ते मी वाचत बसायचे. ज्यात माझी भीती खरी ठरायची तेवढंच माझ्या लक्षात राहायचं. आमच्या गल्लीतून आणखी दोघी-तिघींनी नकार दिला, तेव्हा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई स्वतः अंगणवाडीत आल्या आणि त्यांनी आयांना बोलावलं.

मी तयारीनं गेले होते. सगळ्यांसमोर विचारलं, "माझ्या मुलीला आकडी आली होती. परत काही होणार नाही असं लिहून द्याल?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "असं लिहून कुणीच देऊ शकत नाही, मॅडम. गोवर झाला तर काही होणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल?"

"आमच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर यायचा. लिंबाचा पाला अंथरायचे. आठ दिवसांत पोरं उठून खेळायला लागायची."

"जी उठली ती तुम्हाला आठवतात," त्या म्हणाल्या. मग सगळ्यांकडं वळून सांगितलं, की नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही, काही आजारी माणसांनाही देता येत नाही. गोवर त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून बाकीच्यांनी घ्यायची.

"म्हणजे दुसऱ्याच्या लेकरासाठी मी माझ्या लेकराला आकडी आणू?"

हे मी जरा मोठ्यानंच म्हणाले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बराबर हाय." डॉक्टरीणबाई आकडीबद्दल आणखी काही समजावत होत्या, पण बायका उठायला लागल्या होत्या. मी वादात जिंकल्यासारखी घरी आले.

त्याच संध्याकाळी शेजारीण बाळाला कडेवर घेऊन आली. "मॅडम, हिला नऊ महिने भरले. आशाताई सुईसाठी बोलावून राह्यल्या. काय करू?"

मी भाजी निवडत होते. मान वर न करताच म्हणाले, "घाई कशाला करतेस? जरा मोठी होऊ दे."

"तुम्ही म्हणता तसं," ती म्हणाली आणि बाळाला घेऊन गेली.

पुढच्या चतुर्थीला माझी बहीण मुलाबाळांसह आली आणि आम्ही सगळे राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. गर्दी नेहमीसारखीच होती. रांगेत लेक कधी माझ्या खांद्यावर तर कधी बहिणीच्या. तिथं कुणापासून लागण झाली, की आणखी कुठं, ते कळायला मार्ग नाही. दहा-बारा दिवसांनी तिला ताप आला. नाक वाहत होतं, डोळे लाल. दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. मी तिला तापाचं औषध पाजलं आणि रोजच्यासारखी शेजारणीकडं सोडली.

"हवा बदललीय, सर्दी झालीय तिला," मी म्हणाले.

"जा तुम्ही बिनघोर, मी हाय," ती म्हणाली.

असे तीन दिवस गेले. तिन्ही दिवस दोघी पोरी एकाच सतरंजीवर होत्या. चौथ्या दिवशी सकाळी वेणी घालताना लेकीच्या कानामागं लाल पुरळ दिसलं. दुपारपर्यंत ते तोंडावर आणि छातीवर उतरलं.

आशाताई आल्या, त्यांनी एकवार बघितलं आणि मला काही न बोलता सरळ शेजारच्या घरात गेल्या. तासाभरात आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना घेऊन आल्या. सिस्टरांनी शेजारणीला समजावून बाळाला लस दिली. मी दारातच उभी होते. बाहेर पडताना सिस्टर मला एकटीला म्हणाल्या, "उशीर झालाय. लागण आधीच झाली असली तर ह्या सुईनं ती थांबायची न्हाई. तरी देते. दोन आठवडे बाळाकडं नीट लक्ष ठेवा." त्यांचा शब्द न् शब्द मी ऐकला.

माझी लेक आठवड्याभरात बरी झाली. पहिला डोस झाला होता म्हणून हलक्यावर निभावलं, असं सिस्टर म्हणाल्या. ती अंगणात खेळायला लागली त्याच सुमारास शेजारच्या बाळाला ताप भरला. मग खोकला, मग पुरळ. तिची सासू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "चांगली खेळती पोर व्हती. सुई दिली अन् गोवर निघाला." बायका जमायच्या. एक म्हणाली, "मॅडम तर आधीच सांगत व्हत्या." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

गोवर सुईनं आला नव्हता. माझ्या लेकीपासून, त्या सतरंजीवरच आला होता, आणि हे त्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं. बोलायचं म्हटलं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हणाले, "आधी तिला बरं होऊ द्या, मग बघू."

बाळ बरं झालं नाही. छातीत कफ साठला, श्वास घेताना बरगड्या आत जायला लागल्या. टेम्पोतच जालन्याला नेलं. न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस ती दोघं नवरा-बायको दवाखान्यात होती. मी दोनदा डबा घेऊन गेले. बाळाच्या नाकाला नळी, हाताला पट्टी, कानातून पू येत होता. शेजारीण माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तुमचं ऐकून राह्यले असते तर बरं झालं असतं. आशाताईनं लई जल्दी केली." तेव्हाही मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले, इतकंच.

बाळ जगलं. घरी आलं तेव्हा निम्मं झालं होतं. इकडं पुढच्या लसीकरणाला आमच्या गल्लीतून दोनच बायका गेल्या. आशाताई दारात गेल्या की लोक दार लावून घ्यायचे. शेजारणीनं तर त्यांना भर गल्लीत शिव्या दिल्या. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. आशाताईंनी खाली मान घातली आणि वही छातीशी धरून निघून गेल्या.

तीन-चार महिन्यांनी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाळ आता उभं राहायला लागलं होतं, पण हाक मारली तर वळायचं नाही. वर्गातल्या मुलांबाबत शंका आली की आम्ही करतो तसं मी तिच्या पाठीमागं जाऊन जोरात टाळी वाजवली. ती समोरच्या रिळाशी खेळत राहिली. मी परत वाजवली. मग तिच्या आईकडं बघितलं. तिनं मशीन थांबवलं होतं आणि ती माझ्या हातांकडं बघत होती.

मोठ्या शहरात नेऊन तपासण्या केल्या. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. जन्मानंतर आवाजाला दचकायची, हाकेला हसायची, हे आईनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गोवरामुळं झालेलं दिसतंय. सासूनं घरी येऊन त्याचाही दोष सुईलाच दिला.

त्यानंतर एका संध्याकाळी आशाताई माझ्याकडं आल्या. मला वाटलं, भांडतील. त्या पाटावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, माझं आता कोण ऐकत न्हाई. तुमचं ऐकतील. तुम्हाला बोलायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. पण खरं काय ते तुम्हाला बी ठावं हाय अन् मला बी." मी म्हणाले, "चहा टाकते." त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती थेट शेजारी गेले. सासू बाहेर गेली होती. शेजारीण एका ब्लाउजची बाही जोडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. "बाळाला लस द्यायच्या आधीच लागण झाली होती. माझ्या लेकीपासून. ती तापात असताना मी तिला तुझ्याकडं सोडली. आणि वेळेवर लस देऊ नको असं मीच तुला सांगितलं होतं."

तिनं दातानं धागा तोडला. बाही उलटी करून शिवण बघितली.

"तुम्हाला तवाच माहीत व्हतं?"

"हो."

"मी आशाताईला शिव्या दिल्या, तवा तुम्ही वट्यावर बसल्या व्हत्या."

"हो."

"तुम्ही घाबरल्या, त्याचं मला काई न्हाई, मॅडम. तुमच्या लेकीला आकडी आल्ती. मी बी घाबरले असते. चुकून सांगितलं, ते बी सोडा." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पण मंग गप का बसल्या?"

मी वर्गात मुलांना हाच प्रश्न विचारते, आणि मुलं जशी खाली बघतात तशी मी खाली बघत उभी राहिले. तिनं मशीन चालू केलं.

पुढच्या लसीकरणाला मी लेकीला घेऊन सगळ्यांत आधी गेले. आशाताई तापाचं औषध आधीच काढून बसल्या होत्या. लस दिली, आणि पुढचे दहा-बारा दिवस मी तिच्या कपाळाला हात लावून लावून काढले. एके दिवशी अंग थोडं तापलं, उतरलं. मग मी आशाताईंबरोबर घरोघर गेले आणि जे झालं ते जसं झालं तसं सांगितलं. काहींनी ऐकलं, पोरं आणली. एक आजी म्हणाली, "तवा एक सांगितलं, आता एक सांगता. कोणतं खरं धरायचं?" तिच्या नातवाला तिनं काही नेऊ दिलं नाही. मी तीन वेळा गेले तिच्याकडं. तिचं चुकत होतं, पण तिचा प्रश्न बरोबर होता.

माझी लेक त्यानंतर शेजारी गेली नाही. शेजारणीनं तिला कधी येऊ नको म्हटलं नाही, मलाच सोडायचा धीर झाला नाही. मी तिला अंगणवाडीत घातली. वर्षभरानं शेजारणीनं घर हलवलं. मुलीला कानाची मशीनं बसवली होती आणि बोलायला शिकवणारी एक बाई जालन्यात होती, म्हणून ते सगळे तिकडं गेले. सामान टेम्पोत चढवताना मी मदतीला गेले. तिनं मला एक गाठोडं उचलू दिलं.

गेल्या हिवाळ्यात जालन्याच्या बसस्टँडवर त्या दोघी अचानक समोर आल्या. मुलगी उंच झालीय. दोन्ही कानांमागं मशीनं, केस मुद्दाम आखूड कापलेले. आई खाली वाकून, तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ह्या मॅडम. नमस्ते कर." मुलीनं हात जोडले आणि काहीतरी म्हणाली. मला ते कळलं नाही. आईनं सांगितलं, "तुमचं नाव इचारून राह्यलीय."

मी नाव सांगितलं. मुलगी माझ्या ओठांकडं एकटक बघत होती, म्हणून परत सांगितलं, सावकाश.

"येत्या जूनला पहिलीत घालायचं हिला," आई म्हणाली.

माझ्या तोंडून पटकन गेलं, "शाळा बघू का मी? माझ्या ओळखी आहेत जालन्यात."

"बघितली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिथल्या बाईंशी बोलले मी. चार ठिकाणी जाऊन इचारलं, मंग ठरवलं."

त्यांची बस लागली. गर्दीत तिनं आधी मुलीच्या कानांवर दोन्ही बाजूंनी हात धरले, मशीनं सांभाळून तिला आत चढवलं, आणि मग स्वतः चढली.