बदलीला सुट्टी नसती

उंबरा तालीम मंडळानं यंदा गणपतीसमोर अंतराळयान करायचं ठरवलं, आणि पहिल्याच बैठकीत त्या यानाला सात कप्तान झाले.

यानाचा अजून एक खिळाही ठोकला नव्हता. मंडळाचा अध्यक्ष सम्राट, त्याची इंजिनिअरिंगला असलेली बहीण वर्षाराणी, तिनं नुसती वहीत गोष्ट लिहून आणली होती. ‘करवीर-एक’ नावाचं यान आकाशगंगेच्या पलीकडं वाट चुकतं, सगळे आपापली कामं नेकीनं करतात, यान वाचतं आणि समोरच्या ताऱ्यात बाप्पा दिसतात. यानाच्या पुढच्या दालनात आठ जागा: कप्तान, चालक, इंजिन, रडार, संदेश, शस्त्रं, डॉक्टर आणि विज्ञान अधिकारी. कुठल्या जागेवरच्या माणसानं काय करायचं ते पोरीनं सविस्तर लिहिलं होतं. ते कोण ऐकतंय! ‘कप्तान’ म्हटल्याबरोबर सात हात वर गेले. आठवा गेला नाही, कारण तो माणूस चहा आणायला गेला होता.

कप्तान कोण, या प्रश्नावर दोन बैठका, एक धक्काबुक्की आणि प्लॅस्टिकची एक खुर्ची खर्ची पडली. इंजिनावर मात्र बसायला कोणी तयार होईना. इंजिन कोपऱ्यात होतं आणि तिथं बसलेल्याचा फोटो येत नव्हता. आकाशगंगा ओलांडायला निघालेली ही मंडळी, पण इंजिनाला माणूस नाही! शेवटी कोणीतरी म्हणालं, “गणपतरावास्नी बोलवा. जन्मभर माणसं जाग्यावर बसवायचंच काम केलंय त्यांनी.”

गणपतराव म्हणजे रिटायर टाइमकीपर. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात एकतीस वर्षं. कारखान्याचं नाव सांगत नाही, उगीच कुणा संचालकाला ठसका लागायचा. तिथं बॉयलरवर कोण, गव्हाणीवर ऊस सोडायला कोण, कुठल्या पाळीला कोण आणि सुट्टी कुणाला, हे टाइम ऑफिसच्या खिडकीआडून गणपतराव ठरवायचे. भोंगा झाल्यावर एक मिनिट उशिरा आलेल्या माणसाकडं ते असं बघायचे, की जणू त्यानं बॉयलर उचलून घरी नेलाय. त्यांचं एक वाक्य सगळ्या कामगारांना तोंडपाठ होतं: “चार्टावर पडलं ते पडलं.”

रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. घरात दळणाचा वार, भाजीचा वार, नातेवाइकांना फोन करायचा वार, सगळ्याचा चार्ट फ्रीजवर चिकटवलेला. त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली आक्का म्हणते, ती एकदा वैतागून म्हणाली होती, “मी मेले तर माझ्या मातीला यायचं का न्हाय, ते आधी चार्टावर बघा.” यात हसण्यासारखं काय आहे ते गणपतरावांना कळलं नव्हतं.

आता आतली गोष्ट. गणपतरावांनाही कप्तान व्हायचं होतं. लेकीच्या, तेजस्वीच्या लग्नात पुण्याच्या व्याह्यांनी चार माणसांत विचारलं होतं, “कारखान्यात आपण नक्की काय होता?” गणपतराव छाती काढून म्हणाले, “टाइमकीपर.” व्याही म्हणाले, “अच्छा, म्हणजे गेटवर!” चार वर्षं झाली, ते ‘गेटवर’ गणपतरावांच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. एकदा तरी त्या माणसानं आपल्याला उंच खुर्चीत बसून हुकूम सोडताना बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मग ती खुर्ची प्लायवूडच्या यानातली का असेना.

ते तालमीत आले, वही मागवली आणि कप्तानाला लागणारी पात्रता लिहून काढली. वय साठीच्या आसपास, आवाज भारदस्त, पोट किंचित पुढं, आणि पूर्वी दोनशे माणसांची हजेरी घेतल्याचा अनुभव.

“असला माणूस कुठनं आणायचा, काका?” सम्राटनं विचारलं.

“बघा बाबांनो, मला तर कोण दिसंना,” असं म्हणून गणपतरावांनी मिशीवरनं हात फिरवला.

पोरं येडी नव्हती. पण आपण नाही तर दुसरं पोरगंही नको, यावर साती जणांचं एकमत झालं आणि म्हातारा कप्तान झाला. सम्राटला शस्त्रं दिली. त्याच्यापुढं एक लाल बटण होतं, दाबलं की भोंग्यासकट उजेड पडायचा, त्यावर गडी खूश. बंद पडलेल्या एका सलूनची फिरती खुर्ची कप्तानाला मिळाली आणि बँडवाल्याकडचा सोनेरी झालरीचा कोट. तो घालून गणपतराव घरी आले तर आक्का म्हणाली, “वरात कुणाची हाय?”

मग बसला चार्ट. खेळ आठ दिवस, शनिवार ते पुढचा शनिवार, रोज सातला सुरू. गणपतरावांचं म्हणणं पडलं की सुट्टीशिवाय ड्यूटी हे बेकायदा. त्यामुळं आठ जणांपैकी रोज एकाला सुट्टी, आणि जो सुट्टीवर जाईल त्याच्या जागेवर त्या दिवशी नववा माणूस बसणार. त्याला म्हणायचं बदली. आकाशगंगेत वाट चुकलेल्या यानात साप्ताहिक सुट्टी देणारा हा पहिलाच कप्तान. देखावा स्पर्धेचे परीक्षक शेवटच्या शनिवारी यायचे होते आणि व्याह्यांनाही त्याच दिवशीचं आवतण होतं, म्हणून आपली सुट्टी त्यांनी धूर्तपणे शुक्रवारी टाकली.

बदली म्हणून त्यांनी पिराजीचं नाव लिहिलं. विचार करून नव्हे, हातानं आपोआप लिहिलं. पिराजी मागच्या गल्लीत राहायचा, त्याच कारखान्यात बॉयलरवर होता आणि पहिली चौदा वर्षं बदली कामगारच होता. यानातही तो सगळ्यांत कामाचा निघाला. शनिवारी इंजिनावर, रविवारी रडारवर, सोमवारी चालकाच्या जागी, जिथं भोक पडेल तिथं पिराजी. गुरुवारपर्यंत तो सहा जागांवर बसून उठला होता. सम्राटला अजून रडार कुठलं आणि डॉक्टरचं यंत्र कुठलं ते सांगता येत नव्हतं.

मंगळवारी पिराजी चार्टाजवळ आला. “साहेब, येत्या शुक्रवारी लेकीच्या पोरीचं बारसं हाय, गावाकडच्या घरी, नेसरीला. घरात मीच थोरला. तेवढी एक सुट्टी द्या की.”

गणपतरावांनी चष्मा वर केला. “शुक्रवारी कप्तानाची सुट्टी हाय. खुर्चीत तू हायस. आणि बदलीला सुट्टी नसती, पिराजी. बदली सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी कोण?”

“दुसरा कोणतरी...”

“चार्टावर पडलं ते पडलं.”

वर्षाराणी तिथंच वायरी जोडत होती, ती म्हणाली, “काका, नऊ माणसांत सुट्टी नाही ती एकट्या पिराजीमामांनाच. हा कसला चार्ट?” गणपतराव तिला म्हणाले, “तुला कारखाना ठाऊक न्हाय, बाळ.”

आणि गुरुवारी संध्याकाळी निरोप आला: परीक्षक शनिवारऐवजी शुक्रवारी सातला येणार.

गणपतरावांनी निम्मा निरोप ऐकूनच तेजस्वीला फोन लावला. “उद्याच या! परीक्षकांसमोर बसणार हाय मी.” व्याह्यांनी कौतुकानं होकार दिला. फोन ठेवून ते मिशीला पीळ देत होते तेवढ्यात आक्का फ्रीजवर चिकटवलेल्या यानाच्या चार्टाकडं बघत म्हणाली, “अवो, उद्या तुमची सुट्टी हाय की.”

झालं! हातातोंडाशी आलेला मोदक खाली पडला. एकतीस वर्षांत चार्टावर त्यांनी एक काटछाट केली नव्हती. त्याचाच तर रुबाब होता, दुसरं होतं काय जवळ? मंडपात गेले तर सम्राट म्हणाला, “काका, बसा की बिनधास्त! चार्ट कोण बघतंय?”

“मी बघतो,” गणपतराव कळवळून म्हणाले.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले. आक्कानं एकदाच ऐकवलं, “स्वतःच खड्डा खणला, आता मोजा खोली.”

शुक्रवारी दुपारी तीनला ते मंडपात पोचले. पिराजी कप्तानाचा कोट अंगात घालून बघत होता. कोट त्याला चांगला बसला होता, झालर गणपतरावांच्या पोटावर यायची तशी पुढं येत नव्हती.

“पिराजी, आज मी बसतो खुर्चीत.”

“चार्टावर माझं नाव हाय, साहेब.”

“व्हय, पण व्याही येणार हायत रे. माझी अब्रू हाय.”

“माझ्याबी घरात पावणं हायत. बारसं आजच हाय.”

पिराजीनं कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली. “तुमी बसा. तुमी बसलासा की आठबी जागा भरत्यात, मग बदली लागतोय कशाला? मी आत्ता निघालो तर दिवेलागणीला नेसरीत पोचतो. फकस्त चार्टावर लिवा, ‘बदल मंजूर, बदलीला सुट्टी.’ आन् खाली सही करा.”

“तोंडी सांगतो की, जा तू.”

“तोंडी न्हाय.” पिराजीचा आवाज चढला नाही, पण हात थांबला. “माझ्या अर्जावर तुमची सही मी जन्मात बघितली न्हाय. एकवीस वर्षांमागं नेसरीला बा आजारी होता. दुपारच्या पाळीला सुट्टी मागिटली. अर्ज खिडकीतनं आत टाकला, तसाच भायेर आला. मी बॉयलरवर हजर, तिकडं बा गेला. आठच्या भोंग्याला गेटवर कळलं मला.”

गणपतरावांनी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. असे अर्ज रोज आठ-दहा यायचे, कुणाचा बाप, कुणाची बायको, कुणाचं लग्न. त्यातला एक. आपल्याला तो दिवस आठवतसुद्धा नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घालून खिशातलं पेन काढलं आणि चार्टावर पहिल्यांदा काट मारली. ‘बदल मंजूर. बदलीला सुट्टी.’ खाली सही.

सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. सात सेकंद लागले होते.

पिराजी सहीकडं बराच वेळ बघत राहिला. “बरी हाय की सही,” म्हणाला. कोट त्यानं गणपतरावांच्या खांद्यावर टाकला, पायात चपला सरकवल्या आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

सातला परीक्षक आले. पहिल्या रांगेत तेजस्वी, आक्का आणि व्याही बसले होते. पडदा सरकला, सलूनची खुर्ची गर्रकन फिरली आणि गणपतराव झालरीसकट लोकांसमोर आले. व्याह्यांनी मोबाईल वर धरला. चार वर्षं ज्याची वाट बघितली ती घटका हीच होती.

खेळातले आवाज सगळे आधीच भरून ठेवलेले, नटांनी फक्त ओठ हलवायचे. यान संकटात सापडलं की कप्तान एकेका जागेची हजेरी घेतो, हा प्रसंग गणपतरावांनीच हट्टानं घुसडला होता. स्पीकरमधून त्यांचाच भारदस्त आवाज घुमला, “इंजिन?” “हजर!” “रडार?” “हजर!” “शस्त्रं?” “हजर!” सम्राटनं गरज नसताना लाल बटण दाबलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. असं करत सगळ्या जागा झाल्या.

“बदली?”

“हजर!” स्पीकरमधून पिराजीचा आवाज आला. खणखणीत, रोजच्यासारखा.

पिराजी तेव्हा नेसरीत पाळण्यापाशी उभा असणार. गणपतराव खुर्चीत गारठले. त्या दुपारच्या पाळीलाही मस्टरावर पिराजीच्या नावापुढं त्यांनी असंच ‘हजर’ लिहिलं असणार, आपल्याच हातानं, सुवाच्य अक्षरात. माणसाचा जीव नेसरीत बापाच्या अंथरुणाशी, आणि मस्टरावर हजर. सात सेकंदांचं काम होतं. हात मोडला नसता.

पुढचं वाक्य कप्तानाचं होतं. ते आपलं आपण वाजलं, “शाब्बास गड्यांनो! सगळे हजर!” मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याही शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होते, “आमचे व्याही बरं का, कप्तान!” आक्का तेवढी टाळ्या न वाजवता नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती, कारण आवाज घुमत होता आणि त्याचे ओठ काही हलत नव्हते.