शिरेचा राखणदार

तांडेलकाका पहिल्यांदा आमच्या हॉस्पिटलात आले ते डावा पाय बायकोच्या शालीत गुंडाळून. उजवा उघडाच. मी विचारलं, "काय झालं पायाला?" तर म्हणाले, "झालं नाय काय. होऊ नये म्हणून गुंडाळलाय."

बायपाससाठी पायातली शीर काढून हृदयाला जोडतात. काकांच्या उजव्या पायातल्या शिरा फुगून त्यांच्या गाठी झालेल्या, त्यामुळे सगळी मदार डाव्यावर. सर्जन सहज म्हणून गेले, "हा पाय जपा हं." झालं! जयगडच्या होडीवर जन्मभर हुकूम सोडलेला हा माणूस, त्याने त्या दिवसापासून घरातलं एक काम केलं नाही. पाणी आणा म्हटलं की, "पाय डॉक्टरांचा हाय." नारळ खवून द्या म्हटलं तरी तेच. काकू कपाळाला हात लावून मला म्हणाल्या, "सिस्टर, नारळ काय पायाने खवतात?"

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी वॉर्डात गेले, तेव्हा काकांनी मला खाटेजवळ बोलावलं. "गो बाय, शीर काढली की लगेच बसवतात?"

"नाही. थोडा वेळ वाडग्यात, औषधाच्या पाण्यात ठेवतो. सुकली, ताणली, तर पुढे बंद पडते."

"आणि वाडग्याकडे बघतो कोण?"

"सगळेच असतो की आम्ही."

"सगळे बघतात म्हणजे कोणच बघत नाय. मासळी अशीच नेते मांजर." मग त्यांचा आवाज एकदम बसला. "दुसरी नाय गो माझ्याकडे."

मला येणारं हसू तिथेच विरलं. पण स्वारी लगेच ताठ! गावाच्या वेशीला राखणदार देव असतो, त्याला दरवर्षी नारळ देतात, तशी मी त्यांच्या शिरेची राखणदार, असं त्यांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं जाहीर केलं. वर दम, "राखणदार झोपला तर नारळ मिळत नाय!"

दुसऱ्या दिवशी शीर वाडग्यात आली आणि मी जी तिथे चिकटले! सर्जन म्हणाले, "सिस्टर, जरा सरकता का?" मी साफ नाही म्हटलं. शुद्धीवर आल्यावर, तोंडातली नळी निघाल्यावर, काकांनी ना देवाचं नाव घेतलं ना बायकोचं. मला बघून घोगऱ्या आवाजात विचारलं, "मांजर आली होती?"

मग दरवर्षी ते राखणदाराचा नारळ घेऊन यायचे. माझ्याकडूनच फोडून घ्यायचे आणि एक वाटी परत मागायचे. "मान तुझा, खोबरं माझं." एवढं खोबरं खाऊ नका म्हणून मी ओरडले, तर म्हणाले, "प्रसादाला नाय म्हणू नये. राखणदार कोपतो."

यंदा नारळ घेऊन काकू एकट्याच आल्या. मी दारातच समजले. काकांना न्यूमोनिया झाला आणि त्यातच ते गेले. काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "तुला निरोप दिलाय. म्हणाले, सांग तिला, शिरेनं दगा नाय दिला. नायतर उगाच रडत बसेल, खुळी."

मी रडलेच. मग नारळ फोडला आणि दोन्ही वाट्या काकूंपुढे धरल्या. त्यांनी एकच उचलली.

"मान तुझा," म्हणाल्या. पुढचं त्यांना बोलवेना.