हौसाबाईची खानावळ

रेडीला लोखंडाच्या मातीचे ट्रक सुरू झाले आणि बंदरावर परगावचे पुरुष भरले. त्यांना जेवायला लागणार, हे सगळ्यांत आधी हौसाबाईने ओळखलं. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडलेला. तिने रस्त्याकडेला खोप उभारली आणि भात नि बांगड्याचं तिखलं रांधून विकायला सुरुवात केली. परक्या पुरुषांना वाढते म्हणून गाव तिच्याविषयी नको ते बोललं. तिने खानावळ चालूच ठेवली.

त्याच पुरुषांच्या मागोमाग तीन बायका आल्या आणि बंदराच्या टोकाला झावळांच्या झोपड्यांत राहू लागल्या. त्यांतली आनंदी आपल्या लहान मुलीला घेऊन खानावळीच्या मागच्या दाराशी यायची, जेवण घेऊन खाली मान घालून जायची.

"फुडल्या दारान ये गो," एक दिवस हौसाबाई म्हणाली. "भात तोच आसा."

तिथून दोघींचं बोलणं सुरू झालं.

अठ्ठावन्न साली देहविक्रीच्या धंद्याविरुद्ध नवा कायदा लागू झाला. पोलीस येत, झोपड्या मोडत, बायकांना घेऊन जात. थोड्या दिवसांनी त्या परत येत, आधीपेक्षा वाळलेल्या. शेवटी माउलीच्या देवळात गावाची सभा बसली.

हा धंदा गावातून उपटून टाकायचा, असं सरपंच परशुराम यांचं म्हणणं. दवाखान्याच्या डॉक्टरांना ते पटत नव्हतं. "बंदी घातली तर धंदा लपून चालेल आणि रोगही लपून पसरेल. एक जागा ठरवा, परवाने द्या, मी त्यांना नेमाने तपासत जाईन."

सभेत दोन तट पडले. मग मागून हौसाबाई उठली.

"त्येंका कोणी इचारल्यान काय? आनंदी भायर उभी आसा. मीच तिका घेवन इलंय."

परशुरामांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी नको म्हटलं नाही. आनंदी पायरीशीच थांबली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

"तुमी हाकललास तर आमी आरोंद्याक जातलव. थंयसून हाकलतीत तर खाडीपलीकडे. परवानो दिल्यात तर पोलिसांचो मार चुकात, ता खरां. पण उद्या मी दुसरां काम मागूक गेलंय, तर लोकांका तो परवानोच आधी दिसतलो. माझ्या चेडवाकय तो चिकटतलो."

"मग तुला पाहिजे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काम होया. आणि ता मेळापर्यंत कोणी मारू नये."

सभेत काहीच ठरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाईने आनंदीला आपल्या चुलीपुढे बसवलं. ते पाहून काही गिऱ्हाईकं ताटावरून उठली. एका ड्रायव्हरने वाढणाऱ्या आनंदीला काहीतरी अचकटविचकट विचारलं. हौसाबाईने त्याच्यापुढचं ताट उचललं.

"जेवचा तर नीट जेव. नाय तर वाट धर."

बरेच दिवस भात उरत राहिला. रात्री दोघी तोच खात. मग एकेक करून माणसं परतली, कारण तसं तिखलं बंदरावर दुसरीकडे मिळत नव्हतं, आणि आता ते आनंदी करत होती.

झोपड्यांतल्या उरलेल्या दोघींपैकी एक खाणीवर माती उचलायला लागली. दुसरी झोपडीतच राहिली. तिला तो धंदा सुटला नाही. डॉक्टर तिला परवान्याशिवायच औषध देत. पुन्हा झोपड्या मोडायला पोलीस आले तेव्हा परशुराम स्वतः जाऊन आडवे उभे राहिले. धंद्यावरचं त्यांचं मत बदललेलं नव्हतं. "पण बायल माणसांका मारूचा नाय," एवढंच ते म्हणाले.

आनंदीची मुलगी सातवी पास होऊन शिरोड्याच्या हायस्कुलात जाऊ लागली. पहिल्या दिवशी दोघी बायका तिला पोचवायला निघाल्या. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की हौसाबाई थांबायची आणि न विचारताच सांगायची, "आमचां चेडू हायस्कुलाक जाता."

पुढे चालणारी मुलगी लाजून म्हणायची, "मावशे, चल गो. उशीर जाता."